स्वारगेटची भूक : स्टँडवरच्या खाण्याचे विवेचन

पुण्याच्या खाण्यावर लिहिणारे बहुतेक जण पेठांतून बाहेर पडत नाहीत. मिसळ कोणाची चांगली, मस्तानी कुठली, बाकरवडीला रांग किती, यावर पानेच्या पाने भरली आहेत. हे सगळे हौसेचे खाणे. त्यासाठी माणूस घरून ठरवून निघतो. पण एखादे शहर आपल्या माणसांना कसे जेवू घालते हे पाहायचे असेल, तर जिथे कोणीही खाण्यासाठी म्हणून येत नाही आणि तरी ज्याला त्याला भूक लागते, अशी जागा निवडली पाहिजे. स्वारगेट ही तशी जागा आहे. एसटीचे स्थानक, शेजारी पीएमपीचे, जेधे चौकात येऊन मिळणारे सातारा रस्ता आणि शंकरशेठ रस्ता, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखाली मेट्रो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पंढरपूर, कोकण इथून सुटते आणि इथेच उतरते.

चांगले खाणे म्हणजे काय, हे आधी ठरवून घेतले पाहिजे. चव ही बाब इथे गृहीत धरतो. बेचव अन्न कोणी दुसऱ्यांदा घेत नाही. त्यापलीकडे मी पाच कसोट्या लावतो. अन्न अंगी लागते का. पुढच्या जेवणापर्यंत पोट धरून ठेवते का. पोट बिघडवत नाही ना. रोज खाणाऱ्याला परवडते का. आणि ते खाताना माणसाचा मान राहतो का. शेवटची कसोटी आहारशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, पण पुण्यात तिच्यावाचून हा विषय पुरा होत नाही. माझे म्हणणे असे की स्वारगेटला माणूस काय खातो हे त्याच्या जिभेने फार थोडे ठरते. ते ठरते हातातल्या वेळाने, बसायच्या आणि हात धुवायच्या जागेने, आणि विकणाऱ्याच्या डोक्यावरच्या भाड्याने. म्हणून लोकांना आहाराचे उपदेश करून स्टँडवरचे खाणे सुधारणार नाही. व्यवस्था बदलली तर सुधारेल.

चार रस्ते आणि त्यांचे धान्य

महाराष्ट्रातली फार थोडी शहरे पुण्याइतकी पावसाच्या उतारावर वसलेली आहेत. पश्चिमेला वेल्हे, मुळशी, मावळ या भागांत सह्याद्रीचा धो धो पाऊस. तिथे भात पिकतो, आंबेमोहोर आणि इंद्रायणी तिथलेच. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. पूर्वेला बारामती-इंदापूरकडे सरकावे तसा तो ५००च्या आसपास येतो आणि ताटात बाजरी, ज्वारी येते. पुढे सोलापूर रस्त्याने मंगळवेढा. तिथली काळी, खोल जमीन परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर थंडीत ज्वारी उभी राहते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या पट्ट्यातला मालदांडी ३५-१ हा मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेला वाण आजही भाकरीसाठी नावाजला जातो. सातारा रस्त्याने कोरेगावचा वाघ्या घेवडा, सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ. पुरंदरकडून अंजीर आणि सीताफळ.

हा सगळा माल येतो कुठे, तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. स्वारगेटच्या स्टँडपासून ते अंतर दोन किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. रात्री ट्रक लागतात, पहाटे भाजीचा घाऊक व्यवहार होतो, दिवसा भुसार बाजारात पोती उतरतात. म्हणजे चांगल्या जेवणाला लागणारे एकूण एक धान्य, डाळ, भाजी आणि फळ स्वारगेटच्या दारात रोज येऊन पडते. आता स्टँडच्या आत एक फेरी मारा. वडापाव, सामोसा, भजी, क्रीमरोल, वेफर्सची पाकिटे, बिस्किटे, गार पेये, चहा. दोन किलोमीटरवर ज्वारीची पोती आणि इथे मैदा. या अंतराचा उलगडा करणे हाच या विवेचनाचा गाभा आहे.

भूक कोणाची

भूक सरसकट मोजता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेल्या प्रमाणांनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० किलोकॅलरी लागतात, मध्यम श्रमाच्या पुरुषाला २७१० आणि जड श्रम करणाऱ्याला ३४७०. बाईसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२०. बँकेतल्या कारकुनाच्या दीडपटीहून अधिक अन्न यार्डातल्या हमालाला लागते, आणि त्याचे उत्पन्न मात्र त्या कारकुनाहून कमी असते. स्वस्त, भरपूर आणि अंगी लागणारे अन्न ही त्याची गरज आहे. अशा माणसाला स्टँडजवळ जे चटकन मिळते त्याने पोट फुगते, पण ताकद येत नाही.

मग चालक-वाहक. त्यांची वेळ नक्की नसते. गाडी लागली की हातातला घास टाकून उठावे लागते. मग परगावाहून आलेली स्पर्धा परीक्षेची मुले, जी मेसच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी काय खायचे या विवंचनेत असतात. आणि मग प्रवासी बायका, ज्यांच्याविषयी खाण्यावरच्या लेखांत कधी वाचायला मिळत नाही. लांबच्या प्रवासाला निघालेल्या कितीतरी बायका स्टँडवर काही खात नाहीत आणि घोटभर पाण्यावर भागवतात, कारण पुढच्या थांब्यावर स्वच्छतागृह कसे असेल याची खात्री नसते. म्हणजे स्टँडच्या स्वच्छतागृहाची अवस्था हा आहाराचाच प्रश्न आहे. पाणी न पिता सात तास बसणाऱ्या बाईला पौष्टिक थाळीचे गुण सांगून काय उपयोग?

भाकरी आणि पाव

आता तुलना आकड्यांत करू. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतू असतात. मैद्यात प्रथिने जवळपास तेवढीच, पण तंतू पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. हरभऱ्याच्या डाळीत प्रथिने साडेएकवीस ग्रॅम, तंतू १५. शेंगदाण्यात प्रथिने तेवीस ग्रॅमच्या वर. हे आकडे ताटात मांडून पाहा. दोन चांगल्या भाकऱ्यांना १६० ग्रॅम पीठ धरले तर प्रथिने १६ ग्रॅम, तंतूही तेवढेच आणि उष्मांक ५३५च्या आसपास. पिठल्यात ४० ग्रॅम डाळीचे पीठ गेले तर आणखी साडेआठ ग्रॅम प्रथिने. एकूण चोवीस-पंचवीस ग्रॅम. प्रौढ पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम लागतात. म्हणजे दोन भाकऱ्या आणि पिठले एवढ्यावर त्याची दिवसाची जवळपास निम्मी गरज भागते. फोडणीचे तेल धरून उष्मांक सातशेच्या पुढे जातात.

प्रश्न फक्त ग्रॅमचा नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते; हरभऱ्यात ते भरपूर असते. उलट डाळींमध्ये मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. दोघे एका ताटात आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वर कांदा फोडला, ठेचा घेतला, लिंबू पिळले, शेंगदाण्याची चटणी घेतली की तेल, जीवनसत्त्वे आणि चव तिन्ही आली. ज्याला रयतेचे, गरिबाचे जेवण म्हणून शहराने पंक्तीत खालच्या पायरीवर बसवले, त्या जेवणाची रचना इतकी पक्की आहे. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, त्याच्या कितीतरी पिढ्या आधी इथल्या बायकांनी हे जमवून आणले होते.

वडापावाबद्दल मला राग नाही. त्यातही डाळीचे पीठ आहे, बटाटा आहे, गरम असेल तर तो सुरक्षितही आहे. पण मैद्याच्या पावात तंतू फार थोडे, बटाट्याच्या सारणात प्रथिने नगण्य, आणि तळणीने उष्मांक वाढले तरी लवकरच पुन्हा भूक लागते. एकदा खाण्याचा पदार्थ म्हणून तो उत्तम आहे. रोजचे दुपारचे जेवण म्हणून तो कमी पडतो, आणि स्वारगेटला अनेकांचे तो रोजचे दुपारचे जेवण आहे.

मग पाव जिंकला कसा? यासाठी भाकरी कशी होते ते जवळून पाहावे लागेल. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नाही, त्यामुळे गार पाण्यात मळले तर ते धरत नाही. म्हणून कढत पाणी घालायचे. त्याने पिठातला स्टार्च थोडा शिजून चिकट होतो आणि तोच पुढे भाकरीला एकत्र ठेवतो. मग परातीत एका भाकरीपुरता गोळा तळहाताच्या मुळाने रगडून रगडून मळायचा. पीठ ताजे हवे. जुने झाले की विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. खाली पीठ भुरभुरून, एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताने थापायची. तव्यावर टाकताना पीठ लागलेली बाजू वर, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरते सुकायच्या आत उलटायची. शेवटी तवा बाजूला करून थेट आचेवर. आतल्या ओलीची वाफ होते, पापुद्रा सुटतो, भाकरी फुगते. पाणी उशिरा फिरवले तर भेगा पडतात, लवकर उलटली तर पापुद्रा सुटत नाही. हे हाताचे कसब आहे आणि ते वर्षांनी येते. एका तव्यावर एका वेळी एकच भाकरी, तिला दोन-तीन मिनिटे, आणि ती गरम असतानाच खाण्यात मजा.

आता वडा. एका कढईत एका घाण्याला वीस-पंचवीस निघतात. पावाच्या लाद्या पहाटे बेकरीतून तयार येतात आणि दिवसभर टिकतात. ताट नको, वाटी नको, हात धुवायला पाणी नको, बसायला बाक नको. एका हातात पिशवी धरून दुसऱ्या हाताने खाता येतो आणि गाडी सुटली तर सोबत नेता येतो. भाकरी-पिठल्याला ताट लागते, ताट धुवायला पाणी लागते, बसायला जागा लागते, आणि गिऱ्हाईक वीस मिनिटे ती जागा अडवते. एसटी स्थानकांवरचे स्टॉल निविदेने दिले जातात. ज्याने जास्त रक्कम भरली त्याला ती चौरस फुटांतून वसूल करायची असते. अशा हिशेबात सावकाश होणारा, जागा अडवणारा आणि नफा कमी असलेला पदार्थ बाद होतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी कढईच मांडली असती.

लोकांना भाकरी नकोशी झाली आहे, हे खरे नाही. पुरावा सिंहगडावर आहे. रविवारी निम्मे पुणे घाम गाळत गडावर चढते आणि वर पिठले-भाकरी, वांग्याचे भरीत, मडक्यातले दही यांवर तुटून पडते. त्या गडाकडे जाणारी बस स्वारगेटहूनही मिळते. जे जेवण मिळावे म्हणून माणसे डोंगर चढतात ते स्टँडवर उतरल्या उतरल्या हाताला लागत नाही, याचे कारण आवड कसे असेल?

शिदोरीचे शास्त्र

प्रवासात टिकेल, सांडणार नाही आणि हाताने खाता येईल असे अन्न ही काही एसटीच्या काळात निर्माण झालेली गरज नाही. मराठी घरांनी या प्रश्नाचा शिस्तीत विचार केला होता. अन्न नासते ते मुख्यतः त्यातल्या पाण्यामुळे; जंतूंना वाढायला मोकळे पाणी लागते. म्हणून शिदोरीचा पहिला नियम पाणी कमी करण्याचा. पातळ पिठले घरी, पण गावाला निघताना कोरडा झुणका. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली दशमी मऊ राहते आणि दुसऱ्या दिवशीही खाता येते. धपाटे आणि थालीपीठ यांत डाळी पिठातच आलेल्या असतात, म्हणजे कालवण वेगळे न्यायला नको. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग, लोणचे: एकेकात ओल कमी, किंवा तेल, मीठ, आंबटपणा जास्त.

याचे सर्वांत पुढचे टोक म्हणजे सोलापूरकडची कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी ओल पूर्ण जाईपर्यंत भाजायची आणि वाळवायची. ती पापडासारखी खळखळीत होते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. सोबत सोलापुरी शेंगाचटणी असली की ताट, पाणी, आच यांपैकी काहीही न लागता एक पूर्ण जेवण होते. तिकडच्या बायकांच्या बचत गटांनी तिचा व्यवसाय केला आहे. पावाने जिंकलेली प्रत्येक सोय या भाकरीत आहे, शिवाय तंतू आणि प्रथिने तिच्याच बाजूला. तरीही सोलापूरची गाडी जिथून सुटते त्या स्थानकात बिस्किटांच्या पुड्यांच्या भिंतीत तिला जागा नाही.

जपानमध्ये रेल्वे स्थानकांवर ‘एकिबेन’ नावाचे डबे मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही पद्धत आहे. त्या त्या स्थानकाच्या परिसरात जे पिकते, जे मासे मिळतात, त्यांचा डबा. म्हणून प्रवासी अमुक स्थानकाचा डबा मुद्दाम मागून घेतो. आपल्याकडे रेल्वेच्या ‘जनता खाना’त पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचे मिळते, देशभर एकच. स्वस्त आहे, पोट भरते, पण त्यात ठिकाणाचा पत्ता नाही. स्वारगेटला ज्वारी आहे, वाघ्या घेवडा आहे, गूळ आहे, अंजीर आहे. एखाद्या डब्याला याहून काय हवे?

सध्या स्टँडवर जे मिळते त्यातही निवड करता येते, हे इथेच सांगून टाकतो. शेंगदाणे-फुटाण्याची पुडी हा तिथला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत भरीव पदार्थ आहे. केळी, उकडलेले अंडे, ताक हे बिस्किटांपेक्षा केव्हाही बरे. पोह्यांवर लिंबू आठवणीने मागावे. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्यातले टॅनिन लोह शोषू देत नाही; तासाभराचे अंतर ठेवावे. मिसळ घेतली तर तर्रीऐवजी जास्तीची उसळ मागावी, कारण मिसळीचे सत्त्व मोड आलेल्या मटकीत आहे. उन्हाळ्यात रसवंती आहेच. पुरंदर तालुक्यातल्या माणसांनी ‘कानिफनाथ’, ‘नवनाथ’ अशा नावांनी गावोगावच्या स्टँडांजवळ चालवलेली ही रसवंतीगृहे म्हणजे महाराष्ट्राची स्वतःची शीतपेयांची साखळी. फक्त बर्फ नको म्हणावे.

स्वच्छतेचा हिशेब

उघड्यावरचे ते घाण, असे सरसकट म्हणणे अशास्त्रीय आहे. धोका उघड्यावर असण्यापेक्षा तापमानात आणि पाण्यात असतो. ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. कढईतून आत्ता निघालेला वडा किंवा आचेवरून उतरलेली भाकरी यांना भिण्याचे कारण नाही. भीती आहे ती सकाळी पाण्यात वाटलेल्या हिरव्या चटणीची, चिरून ठेवलेल्या कांद्याची आणि तासन्‌तास कोमट राहिलेल्या भाजीची. तेलाची गोष्ट वेगळी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही. गिऱ्हाइकाजवळ मोजायचे यंत्र नसते, पण तेल काळे पडले आहे, फेस बसत नाही, मंद आचेवरही धूर येतो, एवढे डोळ्यांना दिसते. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधून देण्यास बंदी आहे, आणि ती पाळायला लावणे गिऱ्हाइकाला सहज जमण्यासारखे आहे.

पंगत

आता शेवटची, मानाची कसोटी. स्वारगेटपासून थोड्याच अंतरावर, गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनचे आवार आहे. तिथे १४ ऑक्टोबर १८९० रोजी एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे दिली गेली. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी ही नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि शहर पेटले. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून या माणसांवर ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि पुढे रानडे-टिळक दोघांनीही प्रायश्चित्त घेतले. कोणाच्या हातचे आणि कोणाच्या शेजारी बसून खाल्ले याला या शहरात एवढी किंमत होती. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाची, सुरुवातीची मुले माधुकरीवरच शिकली. पण तेही दार जात पाहून उघडत असे.

त्या पार्श्वभूमीवर स्टँडवरचा बाक ही मोठी गोष्ट आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि त्यानंतरच्या दशकांत गाडीत आणि स्टँडवरच्या उपाहारगृहात शेजारी कोण बसला हे विचारण्याची सोय राहिली नाही. हा बदल जितका कायद्याने तितकाच भुकेने आणि गाडीच्या वेळापत्रकाने घडवला. म्हणून मी मानाची कसोटी पोषणाच्या बरोबरीने धरतो. स्टँडवरचे खाणे सुधारताना ते महागड्या काचेच्या दालनात नेऊन ठेवले, तर हा बाकच मोडेल.

तीन प्रयोग

स्वस्त आणि चांगले जेवण देण्याचे प्रयोग महाराष्ट्रात झाले नाहीत असे नाही. त्यातला सर्वांत टिकाऊ पुण्यातलाच. पन्नाशीच्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांना संघटित करून हमाल पंचायत उभी केली. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला, त्यामागे अशा संघटनांचा रेटा होता. याच हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ना नफा ना तोटा या तत्त्वावर, कष्टकऱ्याला रोज परवडेल अशा दरात झुणका-भाकर आणि भाजी. मोठे स्वयंपाकघर, तिथे राबणाऱ्या बायका, आणि तिथून शहरातल्या केंद्रांना पुरवठा. ज्या संघटनेने ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ चालवणाऱ्या आढावांकडून धडे घेतले, तिच्या केंद्रावर ताट कोणाच्या जातीचे हा प्रश्नच नव्हता.

याची रचना नीट पाहा. भाकरीची अडचण काय होती? कसबी हात हवे, वेळ हवा, जागा हवी. एकेकट्या टपरीला हे झेपत नाही. अनेक तवे आणि अनेक हात एका जागी आणले की दर भाकरीमागचा खर्च खाली येतो, आणि जागा संघटनेची असली की भाड्याचा तगादा नसतो. माझ्या मते महाराष्ट्राच्या आहारइतिहासात या प्रयोगाला पाकपुस्तकांच्या बरोबरीने जागा मिळाली पाहिजे.

दुसरा प्रयोग सरकारचा. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. पदार्थ तोच, पण किंमत खर्चाशी न जुळणारी आणि सगळी मदार अनुदानावर. जागा मिळवण्यासाठी केंद्रे घेतली गेली, अनेक ठिकाणी झुणका-भाकर नावाला उरून इतर पदार्थ विकले जाऊ लागले आणि पुढच्या सरकारने योजना गुंडाळली. तिसरा प्रयोग २६ जानेवारी २०२० पासूनची शिवभोजन थाळी. दहा रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. टाळेबंदीच्या काळात हिने अनेकांची चूल सांभाळली, हे मोल मोठे आहे. पण हिशेब केला तर हे ताट पाचशे-साडेपाचशे किलोकॅलरींच्या आसपास भरते. ३४७० लागणाऱ्या हमालाला तो दिवसाचा सहावा-सातवा हिस्सा. चपात्यांच्या जागी दोन भाकऱ्या आल्या असत्या तर त्याच खर्चाच्या जवळपास ताट कितीतरी भरीव झाले असते.

तिन्ही शेजारी ठेवले की फरक उघड दिसतो. जिथे खाणारेच मालक होते ती व्यवस्था टिकली. जिथे ठेकेदार आणि अनुदान एवढेच होते ती मोडली किंवा अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून राहिली.

मागणी

स्वारगेटला मेट्रो, एसटी आणि पीएमपी एकत्र आणणारे बहुविध वाहतूक केंद्र आकाराला येत आहे. त्यात दुकाने असतील, खाण्याचे मजलेही असतील. एकदा गाळ्यांची निविदा सर्वांत मोठ्या रकमेला निघाली की पुढची तीस-चाळीस वर्षे तिथे काय शिजणार हे ठरून जाईल. म्हणून एसटी महामंडळ, महामेट्रो, पीएमपी आणि महापालिका यांच्याकडे माझी मागणी आत्ताच आहे. या केंद्रात तळमजल्यावर, फलाटांच्या जवळ, दोन जागा भाड्याच्या स्पर्धेतून वगळा. एक भाकरी केंद्रासाठी: वाहते पाणी, हात धुवायची सोय, बसायला बाक आणि शेजारी स्वच्छ, उजेडाचे स्वच्छतागृह. दुसरी बचत गटांच्या शिदोरीसाठी: कडक भाकरी, दशम्या, धपाटे, शेंगाचटणी, फुटाणे, गुळाचे लाडू. या जागा कष्टकऱ्यांच्या आणि बायकांच्या संस्थांना द्या, दर खर्चाला धरून ठरवा आणि ताटातले वजन दर्शनी फलकावर लिहा. ज्वारी गुलटेकडीहून आणायला टेम्पोला दहा मिनिटे लागतात.